पाण्याचं सोडा, वरच्या कोळशाचं बोला

गेल्या अंकात गुटख्यावर उत्तरं दिली आणि शेवटी सहज एक ओळ टाकली की हुक्क्याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, तर टपालात नि व्हॉट्सअ‍ॅपवर मिळून एवढी पत्रं आली की बाकीचे सगळे विषय ह्या महिन्यात बाजूला ठेवावे लागले. नावं कुणाचीच छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत. एक गोष्ट मात्र गमतीची वाटली, सगळे फ्लेवरबद्दल विचारतात, पाण्याबद्दल विचारतात, तंबाखू असतो का नसतो ते विचारतात, पण चिलमीच्या डोक्यावर जो पेटता कोळसा ठेवलेला असतो त्याच्याबद्दल एकानंही विचारलेलं नाही. माझी बरीचशी उत्तरं फिरून तिथंच येणार आहेत, आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : डॉक्टर मॅडम नमस्कार. पोरगा नीटचा रिपीटर आहे, लातूरला रूम करून राहतोय दोघा मित्रांसोबत. रविवारी डबा द्यायला गेलो तर रूममध्ये अत्तरासारखा गोड वास, कॉटखाली काचेचं भांडं, लांब नळी आणि कोळशाचं पाकीट. पोरगा म्हणायलाय आई ह्यात काही नसतंय, नुसता फ्लेवर असतोय, आणि धूर पाण्यातून गाळून येतो, रात्रीचं अभ्यासाचं टेन्शन जातं. ह्यांनी तिथंच दोन थोबाडीत दिल्या, आता म्हणायलेत क्लास बंद, घरी आणून शेतात घाला. मला तर काहीच कळंना. खरंच पाण्यातून गाळून येतो का हो धूर?
– एक आई, अहमदपूर

उत्तर : ताई, नाही येत. आणि तुमचं पोरगं खोटं बोलतंय असंही नाही, त्याला तसंच सांगितलं गेलंय, त्याच्या मित्रालाही तसंच सांगितलं गेलंय.

आधी हे यंत्र चालतं कसं ते बघा. वर छोटी चिलीम असते, तिच्यात ओला, चिकट, गोडसर तंबाखू भरतात, वर भोकं पाडलेली फॉइल लावतात आणि फॉइलवर पेटता कोळसा ठेवतात. खालून नळीनं ओढलं की हवा कोळशाला लागून, तंबाखूतून, दांडीतून खाली पाण्यात जाते, तिचे बुडबुडे होतात आणि मग ती नळीत येते. आता सांगा, त्या धुराला पाण्याचा सहवास किती, तर बुडबुडा वर येईपर्यंतचा. तेवढ्यात पाणी एकच काम नीट करतं, धूर गार करतं. थोडंफार निकोटिन पाण्यात विरघळतं हे खरं, पण कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू पाण्यात जवळपास विरघळतच नाही, आणि धुरातले बारीक कण बुडबुड्याच्या पोटात बसून आरामात पलीकडं जातात. गार धूर घशाला झोंबत नाही, खोकला येत नाही, म्हणून पोरं तो खोलवर आणि भरपूर ओढतात. म्हणजे ज्या पाण्यावर विश्वास ठेवला त्याच पाण्यानं काम अजून सोपं करून दिलं.

किती ओढतात तेही सांगते. सिगारेट पाच-सात मिनिटांत संपते, आठ-बारा झुरके, धूर सगळा मिळून अर्धा लिटर किंवा त्याहून थोडा जास्त. हुक्क्याची बैठक वीस मिनिटांपासून ऐंशी मिनिटांपर्यंत चालते, झुरके ५० ते २००, आणि एकेक झुरका एक लिटरपर्यंत जाऊ शकतो. हे जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटानं २००५ मध्येच लिहून ठेवलंय. त्यावरूनच ते ‘एक हुक्का म्हणजे शंभर सिगारेटी’ वालं फॉरवर्ड फिरतं. ते धुराच्या घनफळाबद्दल आहे, शंभर सिगारेटींचं निकोटिन एका बैठकीत जातं असा त्याचा अर्थ नाही, एवढं निकोटिन गेलं तर माणूस आजारीच पडेल. पोराशी बोलताना हा आकडा नीट सांगा, कारण पोरं नेटवर लगेच तपासतात आणि आपण एक गोष्ट फुगवून सांगितली की मग खऱ्या नऊ गोष्टींवरही त्यांचा विश्वास राहत नाही.

आता टेन्शन. निकोटिन मिळालं की डोकं शांत वाटतं हे खोटं नाही. पण काही दिवसांत मेंदूला त्याची सवय लागते, मग ते मिळालं नाही की चिडचिड, बेचैनी, पुस्तकावरून नजर घसरणे, आणि परत ओढलं की बरं वाटणे. पोराला वाटतं नीटचं टेन्शन गेलं, गेलेली असते निकोटिनची तलफ, नीटचं टेन्शन जिथल्या तिथं. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते आणि त्या वयात ही सवय लवकर पकडते, म्हणून अठरा-एकोणीसच्या पोराचं मी जास्त मनावर घेते.

पण ताई, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती गोष्ट तुम्ही वासाच्या निमित्तानं लिहून गेलात. रूमवर ओढतात म्हणजे घरमालकाला वास जाऊ नये म्हणून दार-खिडकी लावून ओढत असणार. बंद खोलीत पेटता कोळसा. थंडीत शेगडी खोलीत ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत ह्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, हुक्क्याचा कोळसा काही वेगळ्या जातीचा नसतो. म्हणून पोराशी पहिलं बोलणं हेच करा, की बाबा, तू सोडशील तेव्हा सोडशील, आपण त्यावर बोलू, पण बंद खोलीत कोळसा आजपासून नाही. हे तो ऐकेल, कारण ह्यात उपदेश नाहीये.

साहेबांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं थोबाडीत देऊन झालंय, आता पुढचं बघू. क्लास बंद करून गावी आणलं तर पोराच्या डोक्यात हुक्का आणि बापाचा राग एकत्र बसतील आणि गावातही पानटपरी आहेच की. रूम बदलता येत असेल तर बदला, मेसवर जेवणाऱ्या, लवकर झोपणाऱ्या पोरांत ठेवा, आणि दर रविवारी डबा द्यायच्या निमित्तानं जात राहा. झडती घ्यायला नाही, डबा द्यायलाच.

प्रश्न : मॅडम मी संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. आमचा ग्रुप शनिवारी बसतो, चार जणांत एक पॉट, बाकी सिगारेट वगैरे कोणी ओढत नाही. परवा मित्राच्या बर्थडेला दौलताबादच्या बाजूला एका फार्महाऊसवर होतो, थंडी होती म्हणून हॉलमध्येच बसलो होतो, एक जण एकसारखा ओढत होता रिंगा काढायच्या नादात, उठून उभा राहिला आणि धाडकन पडला. चेहरा पांढरा, उलटी पण झाली. एकाकडं ऑक्सिमीटर होता कोविडमधला, त्यात ९८ दाखवलं, म्हणून लिंबू-साखर पाणी देऊन झोपवलं. दुसऱ्या दिवशी नुसतं डोकं दुखत होतं. उपाशीपोटी ओढल्यानं असं होतं म्हणतात, खरं का?
– संभाजीनगर

उत्तर : बाळा, वाचला तो, हे आधी समजून घे.

उपाशीपोटी निकोटिननं चक्कर येते, मळमळतं, ते होतं. पण बंद हॉल, एकसारखं ओढणं, पडणं, उलटी आणि दुसऱ्या दिवसापर्यंत टिकलेली डोकेदुखी, हे सगळं एकत्र आलं की मी तरी आधी कार्बन मोनॉक्साइडच धरीन. हा वायू कोळसा अर्धवट जळला की तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं ना, त्याला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त जोरानं चिकटतो. एकदा बसला की लवकर उठत नाही, आणि ऑक्सिजनला जागा राहत नाही. ज्याला तुम्ही लोक ‘किक बसली’, ‘डोकं हलकं झालं’ म्हणता ना, त्यातला काही भाग निकोटिनचा असतो आणि काही भाग मेंदूला ऑक्सिजन कमी पडल्याचा.

आणि ते ९८. ही गोष्ट तू तुझ्या सगळ्या ग्रुपला सांग. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर रक्ताच्या रंगावरून अंदाज काढतो, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवाल्यासारखंच लाल दिसतं. त्यामुळं माणूस आतून गुदमरत असला तरी मशीन ९८ दाखवू शकतं. कोविडमध्ये त्या मशीननं लई जीव वाचवले, इथं ती नुसती धीर देते, खोटा. खरं मोजायचं तर दवाखान्यात रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते.

परत असं झालं, कुणालाही, तर पहिलं काम त्याला उघड्या हवेत आणा, बाकीच्यांनीही बाहेर या, कारण तुम्हीही तोच वायू घेताय. कोळसा आत तसाच ठेवू नका. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी, लिंबू, साखर काहीही घालू नका, श्वासात जाईल, एका कुशीवर वळवून ठेवा. १०८ ला फोन. आणि डॉक्टरला स्पष्ट सांगा की हुक्का ओढत होतो, कोळसा होता, खोली बंद होती. पोरं इथं लपवतात, पोलिसाच्या नाहीतर घरच्यांच्या भीतीनं ‘जेवला नव्हता’ म्हणतात आणि मग डॉक्टर सलाइन लावून घरी पाठवतो. ह्याला सलाइन नाही, मास्कनं भरपूर ऑक्सिजन लागतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, ऑक्सिजनवर साधारण तासा-दीड तासात होतो, एवढा फरक आहे.

बाकी ‘चार जणांत एक पॉट’ म्हणजे वाटून कमी होतं असा हिशोब तू केला असशील. तंबाखूचा हिशोब तसा होईल, हवेचा होत नाही. नळी तुझ्या हातात नसली तरी कोळसा त्याच खोलीत जळतोय ना. त्या हुक्का पार्लरांत कोळसा फुंकून फुंकून आणून देणारी जी पोरं असतात, पंधरा-वीस हजारासाठी रात्रभर निखारे घेऊन फिरणारी, त्यांनी एकही झुरका मारला नाही तरी छातीत रात्रभर तोच वायू जात असतो. त्यांच्याबद्दल कुणी पत्र लिहीत नाही.

प्रश्न : माझ्या मित्राला कॅफे टाकायचाय, पार्टनर हो म्हणतोय. हर्बल हुक्का ठेवला तर चालतो, त्यात तंबाखू नसतो म्हणून कायदा लागत नाही असं पुरवठादार सांगायलाय. पाकिटावर पण ० टक्के टार, ० टक्के निकोटिन लिहिलेलं आहे. गुंतवणूक करू का?
– नांदेड

उत्तर : हा खरं तर वकिलाचा प्रश्न आहे, पण जेवढं माहीत आहे तेवढं सांगते.

महाराष्ट्रात हुक्का बार चालवायला २०१८ पासून बंदी आहे. मुंबईत कमला मिलला २९ डिसेंबर २०१७ ला आग लागली, १४ माणसं गेली, आणि चौकशीत बोट हुक्क्याच्या निखाऱ्यांकडं गेलं. त्यानंतर तंबाखू नियंत्रणाचा जो केंद्राचा २००३ चा कायदा आहे त्यात राज्यानं दुरुस्ती केली. हुक्का बार चालवला तर एक ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते एक लाख दंड. हर्बलवाले म्हणतात आम्ही तंबाखू विकत नाही, ह्यावर कोर्टात भांडणं झालीत, पण २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टानं एका हॉटेलच्या प्रकरणात सांगितलं की खाणावळीच्या परवान्यात हुक्का बसत नाही, तिथं लेकरं, बायका, म्हातारी माणसं जेवायला येतात. त्यामुळं पुरवठादाराच्या तोंडी गॅरंटीवर मी तरी दहा रुपये घालणार नाही. त्याचा माल विकला की तो मोकळा, धाड पडली तर शटरवर नाव तुझ्या मित्राचं.

आता पाकीट. ‘० टक्के टार’ हे वाक्य मला फार आवडतं, कारण ते खरं आहे आणि तरी फसवणूक आहे. टार, म्हणजे धुरातला काळा चिकट भाग, पाकिटात नसतोच, तो जाळल्यावर तयार होतो. कापसावर सुद्धा तसं छापता येईल. हर्बलमध्ये उसाची मळी, ग्लिसरिन, रंग, वास असतो, निकोटिन खरोखर नसेल तर व्यसन लागायचा धोका कमी, इतपत मी मान्य करते. पण तेही गरम करून धूरच ओढायचाय, आणि वर ठेवलेला कोळसा काय हर्बल असतो का? कार्बन मोनॉक्साइड तोच, धुरातली कॅन्सर करणारी रसायनं बरीचशी तीच. नारळाचा कोळसा ‘नॅचरल’ म्हणून विकतात, नारळाचा असो का बाभळीचा, जळला की वायू निघणारच. काडी लावली की पटकन पेटणाऱ्या वड्या मिळतात त्यांना तर पेटण्यासाठी रसायन लावलेलं असतं.

कॅफेच टाकायचाय ना, चहा आणि तर्री पोहे ठेवा. नांदेडला कॉलेजं काय कमी आहेत.

प्रश्न : बाई, मी ७४ वर्षांचा आहे. माझे वडील चिलीम ओढायचे, ८८ वर्षं जगले, शेवटपर्यंत औत धरायचे. निजामाच्या काळात वाड्यावाड्यांतून हुक्का होता, पाहुण्याला मानानं द्यायचे, तेव्हा कोण मेलं? इकडं आमच्या गावात पंचविशीच्या पोरांची गुटख्यानं तोंडं उघडंनात, ते सोडून तुम्ही शहरातल्या श्रीमंत पोरांचं काय घेऊन बसलात?
– बीड जिल्हा

उत्तर : बाबा, पत्रातला शेवटचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे म्हणून त्याच्यापासूनच सुरू करते. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात मोठ्या माणसांपैकी २४.४ टक्के लोक तंबाखू चघळणारे-लावणारे निघाले आणि ओढणारे ३.८ टक्के. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठं मिळतो हे शाळेतल्या पोराला पण माहीत आहे. तोंड उघडत नसेल, तिखट सहन होत नसेल, गालात पांढरे चट्टे असतील तर त्या पोरांना संभाजीनगरच्या सरकारी डेंटल कॉलेजला नाहीतर तिथल्याच सरकारी कॅन्सर हॉस्पिटलला पाठवा, उद्याच पाठवा. पण हुक्का आता श्रीमंतांचा राहिला नाही बाबा. पाचशे-सातशेत छोटा पॉट मिळतो, पार्सलनं तालुक्याच्या गावाला येतो, आणि जे पोरगं गुटख्याला ‘शी’ म्हणतं तेच हुक्का ओढतं, कारण त्याला तो तंबाखू वाटतच नाही. तंबाखूला नाही म्हणणारं पोरगं तंबाखूत येतंय, ह्याचं मला वाईट वाटतं.

वडिलांबद्दल काय बोलू, अठ्ठ्याऐंशी वर्षं औत धरलं म्हणजे मोठीच गोष्ट. पण त्यांच्या बरोबरीचे जे चिलीम ओढून पन्नाशीत खोकून खोकून गेले, त्यांना तेव्हा ‘दम्यानं गेला’, ‘क्षयानं गेला’ म्हणायचे, चिलमीचं नाव कुणी घेतलं नाही. मागं उरलेल्यांचीच गोष्ट आपण सांगतो, गेलेल्यांचं पत्र मला येत नाही.

निजामाचा हुक्का म्हणाल तर त्याच्याही मागं जाऊ. हे प्रकरण आपल्या दख्खनमधूनच वर गेलंय! अकबराचा असद बेग नावाचा माणूस विजापूरच्या दरबारी गेला होता, त्यानं तिथं तंबाखू बघितला आणि १६०४ च्या सुमारास नक्षीकामाच्या नळीसकट बादशहापुढं नेऊन ठेवला. बादशहानं झुरके घेतले, हकीम नको नको म्हणत होता. म्हणजे डॉक्टरचं न ऐकणं तेव्हापासून चालू आहे. पुढं जहांगीरनं १६१७ मध्ये तंबाखूवर बंदीचा हुकूम काढला, त्याचं काय झालं ते दिसतंच आहे. आपल्या शेजारी बिदरला हुक्क्याचे तळ काळ्या धातूवर चांदी ठोकून इतके देखणे करायचे की आज ते म्युझियममध्ये आहेत, बघायला मलाही आवडतात.

फरक असा झालाय की जुना तंबाखू कडक होता, झोंबायचा, नवख्याला ठसका लागायचा, लेकरू जवळ फिरकायचं नाही. १९९० च्या सुमारास इजिप्तकडच्या कंपन्यांनी मळी-मध घातलेला, फळांच्या वासाचा गोड तंबाखू बाजारात आणला आणि हुक्का म्हाताऱ्यांच्या ओसरीवरून कॉलेजच्या पोरांच्या हातात गेला. सफरचंद, पुदिना, पान, द्राक्ष. ठसका काढून टाकला की राखणदार काढून टाकल्यासारखं झालं.

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे, पुण्याला जॉबला होते तेव्हा दोन वर्षं वीकेंडला मैत्रिणींसोबत हुक्का व्हायचा. आता लग्न ठरलंय, गावी आलेय, तीन महिने झाले बंद आहे. मूल होण्यात अडचण येईल का? दुसरं म्हणजे तेव्हा ओठाच्या कडेला एकदा फोड आले होते, ते आता परत परत येतात. घरी कुणालाच माहीत नाही, सासूबाई जुन्या वळणाच्या आहेत. प्लीज रागावू नका.
– परभणी

उत्तर : रागावू कशाला गं, तीन महिने बंद केलंस, कुणाला न सांगता, कुणाच्या मदतीशिवाय, मी तर शाबासकी देईन.

कार्बन मोनॉक्साइड शरीरातून दिवस-दोन दिवसांत निघून जातो, निकोटिनही काही दिवसांत जातं. तीन महिने झालेत, त्यामुळं मूल न होण्याची भीती मनात धरून लग्नाला उभी राहू नकोस. धोका असतो तो गरोदरपणात ओढण्याचा किंवा त्या धुरात बसण्याचा. तो वायू वारेतून बाळापर्यंत जातो, बाळाला ऑक्सिजन कमी पडतो, वजन कमी भरतं. म्हणून हे नवऱ्यालाही लागू आहे, तो ओढत असेल तर आत्ताच विचारून घे. मुलीचीच चौकशी करायची अशी काही घटनेत तरतूद नाही.

ओठाचे फोड बहुतेक हर्पिस नावाच्या विषाणूचे असावेत, बघितल्याशिवाय नक्की सांगत नाही. नळी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाते तेव्हा हे पसरू शकतं. (तो विषाणू लहानपणी घरातल्यांच्या मुक्यामुळंही येतो, त्यामुळं हुक्क्यानंच आला असंही धरू नकोस.) ताप आला, जागरण झालं, टेन्शन आलं की परत उठतात, मलम-गोळ्या आहेत, स्किनच्या डॉक्टरला दाखव. फोड असताना कुणाला, विशेषतः तान्ह्या बाळाला, तोंड लावायचं नाही.

ह्यावरून बाकीच्यांसाठी, पार्लरमध्ये प्रत्येकाला प्लॅस्टिकचं वेगळं टोक देतात आणि लोक निर्धास्त होतात. टोक वेगळं, पण आतली ती लांब नळी कितीदा धुतात, कुणी बघितलंय? जगात सगळ्यात जास्त टीबीचे पेशंट भारतात आहेत. एका नळीवर चार जण आणि त्यातला एक पंधरा दिवस खोकतोय, तर मला ती मैफल बरी वाटत नाही.

घरी सांगायचं का नाही ते सर्वस्वी तुझं. माझ्याकडून कागदावर कुठंच नाव नाही.

प्रश्न : हुक्का सोडून व्हेप घेतलं तर? त्यात कोळसा पण नसतो.
– जालना

उत्तर : कोळसा नसतो, हे तू बरोबर पकडलंस. निकोटिन असतं, आणि बऱ्याचदा हुक्क्यापेक्षा जास्त सोयीचं, कारण खिशात मावतं आणि क्लासमध्ये बाकाखाली पण ओढता येतं, म्हणजे शनिवारचं व्यसन रोजचं होतं. व्हेप म्हणजे ई-सिगारेटच, ती बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं ह्याला देशात २०१९ च्या कायद्यानं बंदी आहे, पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, नुसतं साठवण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे जे काय मिळतंय ते चोरून आलेलं, आत काय भरलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नाही. नको घेऊस.

प्रश्न : डॉक्टर, मी २२ चा आहे, दीड-दोन वर्षांपासून ओढतो, आधी वीकेंडला, आता रोज संध्याकाळी. पॉट माझाच आहे, सगळे माझ्याच रूमवर येतात. दोनदा सोडायचा प्रयत्न केला, तिसऱ्या दिवशी डोकं फिरतं आणि मित्र येऊन बसलेले असतातच. सोडला तर ग्रुप सुटतो, हे कुणी समजून घेत नाही. सकाळी कफ पण पडायलाय.
– धाराशिव

उत्तर : ग्रुप सुटतो हे मी समजून घेते. सिगारेट माणूस एकटा कोपऱ्यात उभा राहून ओढतो, हुक्क्याला बैठक लागते, गप्पा लागतात, आणि त्या वयात गप्पांपेक्षा मोठं काही नसतं. म्हणूनच नुसतं ‘मन घट्ट कर’ म्हणून होत नाही.

तिसरा दिवस म्हणालास ना, तो बरोबर तिसराच असतो. निकोटिन बंद केलं की पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, चिडचिड, झोप नाही, भूक जास्त, डोकं जड, मग हळूहळू उतरत जातं आणि दोन ते चार आठवड्यांत बरंच कमी होतं. तू दोन्ही वेळा नेमका चढावर परत फिरलास. तलफ आली की ती थोड्या मिनिटांची असते, तेवढा वेळ काढायचा असतो, खाली जाऊन चहा नको (चहासोबत तलफ वाढते असं बरेच जण सांगतात), पाणी पी, गाडी धू, आईला फोन लाव, काहीही. सोमवारी सुरू कर, म्हणजे तिसरा दिवस बुधवार येतो, शनिवार नाही.

पॉट घरात ठेवून सोडता येणार नाही. मित्राकडं ‘सांभाळायला’ देऊ नकोस, ते मी खूप ऐकलंय, तो पंधरा दिवसांत परत येतो. काच फोडून भंगारात घाल, आणि कोळसा, फॉइल, फ्लेवरचा डबा, चिमटा, सगळं एकदाच. ग्रुपला सांग रूमवर या, कॅरम आहे, मॅच आहे, आम्लेट करतो, पण कोळसा पेटणार नाही. पहिले दोन शनिवार काही जण येणार नाहीत. जे आले ते धर.

तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला असतो तो नंबर, १८००-११-२३५६, फुकट आहे, मराठीतही बोलतात, आणि एकदा बोलून सोडून देत नाहीत, नंतर ते स्वतःहून फोन करून विचारतात. फोनवर बोलायला लाज वाटत असेल तर ०११-२२९०१७०१ ला मिस्ड कॉल दे, मेसेज येत राहतात. धाराशिवला जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडवण्याचं समुपदेशन कुठं मिळतं ते विचार, केसपेपर काढायला लाजू नकोस, तिथं रोज तंबाखूवाले येतात. रोज ओढतोस म्हणजे निकोटिनचं च्युइंगम किंवा गोळ्यांचा उपयोग होऊ शकतो, पण च्युइंगम किती पॉवरचं आणि किती दिवस हे तिथंच विचारून घे, मेडिकलवाल्याला विचारून नाही. ते नेहमीच्या च्युइंगमसारखं चावत राहायचं नसतं, थोडं चावून गालात दाबून ठेवायचं, नाहीतर उचकी लागते आणि पोरं म्हणतात औषध बेकार आहे.

कफाचं आता. सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत खोकला आणि कफ थोडा वाढू शकतो, त्याला घाबरून परत ओढू नकोस, छाती साफ व्हायला लागलेली असते. पण आत्ताच दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, वजन उतरत असेल किंवा कफात रक्ताचा ठिपका दिसला तर वाट बघू नकोस, सरकारी दवाखान्यात बेडका तपासून आणि एक्सरे काढून घे, टीबीची तपासणी तिथं फुकट होते. आणि त्या रूमवर नळी शेअर करणाऱ्या बाकीच्यांनाही सोबत ने.

(पुढच्या अंकात झोप आणि रात्रीचा मोबाइल. प्रश्न महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पाठवा, कृपया रिपोर्टचे फोटो सरळ आणि उजेडात काढून.)